टॅपेटचं माप

चारठाण्याचे गिरणीवाले मामा पहिल्यांदा माझ्या गॅरेजवर आले तेव्हा त्यांनी गाडी बंद केली नाही. चालू ठेवूनच खाली उतरले आणि मला म्हणाले, जरा ऐका. माझं गॅरेज देवगाव फाट्यावर, सेलूकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. तिथं ट्रक, एसटी आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा गोंगाट दिवसभर चालूच असतो. तरीसुद्धा तो आवाज मला लगेच कळला. शिवणयंत्र चालावं तशी बारीक, एकसारखी टिकटिक होती. टॅपेटचा आवाज.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन, तीन सिलिंडरची. आधीच्या कुणा मालकानं तिला गॅसची टाकी बसवून घेतलेली. मामांनी घेतली तेव्हा ती दोन घरं फिरून आली होती. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे जवळजवळ माणसाच्या बुडाखालीच. त्यामुळं इंजिनाचं जे काही दुखणं असेल ते बाहेर उभं राहणाऱ्यापेक्षा आत बसणाऱ्याला जास्त ऐकू येतं.

आत मामी होत्या आणि त्यांची मुलगी होती. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा ड्रेस. तिनं दोन्ही कान हातांनी गच्च दाबले होते आणि ती डोकं खिडकीच्या काचेवर आपटत होती. जोरात नाही, पण थांबत नव्हती. मामींनी टॉवेलची घडी करून काच आणि तिच्या कपाळाच्या मध्ये धरली होती. त्यांचा हात किती वेळ तसा धरलेला होता कोण जाणे. मी आधी गाडी बंद केली.

मामांनी मग मला सगळं सांगितलं. मुलगी लहानपणापासून अशीच. डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं होतं, पण ते मामांना नीट सांगता येईना. बोलते थोडंच. गिरणीच्या मागच्याच खोलीत ती वाढली, चक्की चालू असताना झोपते, त्या धडधडीचं तिला काही वाटत नाही. पण नळाची टिपटिप, घड्याळाची टिकटिक, असलं बारीक काही सुरू झालं की तिला सहन होत नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कधीच काढून टाकलं होतं.

सेलूला एक बाई आपल्या घरातल्या एका खोलीत अशा मुलांचा वर्ग घेत. मंगळवारी आणि शुक्रवारी मामा मुलीला तिथं न्यायचे. कापसाच्या वाती वळायला ती तिथंच शिकली होती, दहा-दहा वाती मोजून पुडीत भरायची. एसटीत ती चढत नसे. ऑटोत एकदा बसवली तर तिनं वाटेत उडी मारायचं बघितलं. या व्हॅनमध्ये मात्र पहिल्याच दिवशी आपण होऊन चढली, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर जाऊन बसली, आणि ती जागा तिची झाली. दोन वर्षं सगळं नीट चाललं होतं. आता ही टिकटिक सुरू झाली होती.

मी ड्रायव्हरची सीट उचलली, इंजिन गार होऊ दिलं आणि वरचं झाकण काढलं. टॅपेट म्हणजे इंजिनातली झडप, म्हणजे वॉल्व्ह, दाबणारा भाग. त्याच्या आणि वॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड वाढतं. फट जास्त झाली की आवाज येतो. मी मापाच्या पातळ पत्तीनं मोजून सगळ्या फटी मापावर आणल्या. आवाज निम्म्यानं कमी झाला, पण गेला नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून मी बराच वेळ ऐकलं. टॅपेट ज्यावर हलतात तो आतला दांडा झिजलेला होता. तेवढी टिकटिक वयाची होती, ती राहणारच होती. मामांना मी तसं सांगितलं. इंजिनाला यानं काही होणार नाही, निवांत चालवा म्हणालो.

ते गेले, आणि चौथ्या दिवशी परत आले. या वेळी मुलीच्या कपाळावर कापसाची पट्टी होती.

"मिस्तरी, इंजिनाला काई होणार न्हाई म्हंता तुमी," मामा म्हणाले. "पण हिला व्हायलंय की."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मामी खाली उतरल्याच नाहीत. मुलीनं डोळे मिटले होते, आणि गाडी बंद असूनही कानांवरचे हात काढले नव्हते.

मी परभणीत एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. टॅपेट थोडा वाजला तर वाजू द्यायचा, पण फट मापापेक्षा कमी कधी ठेवायची नाही, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. फट कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर वॉल्व्ह पुरता बसत नाही. आतला जाळ वॉल्व्हच्या कडेनं निसटत राहतो आणि ती कड जळते. गॅसवरच्या गाडीत तर हे आणखी लवकर होतं. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही मी पाना घेतला आणि टॅपेट मापापेक्षा जास्त कसले. तिसऱ्या सिलिंडरचा आवाज सगळ्यात जास्त होता, म्हणून तो जरा जास्तच कसला.

गाडी चालू केली. टिकटिक गेली होती. नुसती इंजिनाची घरघर राहिली.

मुलीनं आधी एक हात काढला, मग थोड्या वेळानं दुसरा. मामी टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मामा माझ्याकडं बघत होते, आणि मी फार मोठं काहीतरी केलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तसंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. वीस-बावीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय, पण माझ्या कामानं कुणाचा जीव असा शांत झालेला मी समोर बघितला नव्हता.

त्या वेळी मी मामांना सांगायला हवं होतं की मी माप सोडून काम केलंय, दर महिन्याला गाडी दाखवत जा. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते घाबरले असते, किंवा त्यांना वाटलं असतं की या मिस्तरीला नीट जमलं नाही. त्या घडीला ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती मला घालवायची नव्हती. मी एवढंच म्हणालो, अधूनमधून दाखवत राहा. असं मी सगळ्यांनाच म्हणतो, आणि कुणीच येत नाही.

पुढच्या मंगळवारी मामा जाता जाता माझ्यासाठी ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवून गेले. त्यानंतर पाच-सहा महिने ती व्हॅन आठवड्यातून दोनदा माझ्या समोरून गेली. मामा हात करायचे. मागच्या खिडकीत मुलगी दिसायची, सरळ समोर बघत बसलेली. कितीतरी वेळा माझ्या मनात आलं की हात करून थांबवावं, दहा मिनिटांत फट बघून घ्यावी. पण दर वेळी हाताला दुसरं काम असायचं, आणि थांबवलं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या थोडं आधी मामा एकटेच गाडी घेऊन आले. सकाळी गाडी चालू व्हायला वेळ लागतो, चालू ठेवून उभी केली की हलते, चढाला ओढत नाही, अशी तक्रार होती. गॅसच्या किटचंच काहीतरी असेल असा त्यांचा अंदाज होता. मी गाडीजवळ उभा राहिलो. तीन ठोक्यांतला एक ठोका रिकामा जात होता. मला तिथंच कळलं, पण कळलंय हे मी स्वतःशी मानलं नाही. आधी प्लग बदलून बघितले, वायरी बदलल्या, पेट्रोलवर घेऊन बघितली. फरक पडला नाही.

शेवटी कॉम्प्रेशनचं मीटर काढलं. हे प्लगच्या जागी बसवायचं आणि स्टार्टर मारायचा. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते काटा सांगतो. मामांना मी सीटशेजारी उभं राहून चावी फिरवायला लावली. पहिल्या सिलिंडरला काटा चांगला वर गेला. दुसऱ्यालाही गेला. तिसऱ्याला तो जागचा जेमतेम हलला.

इंजिनात हवा दोन ठिकाणांहून निसटते, एक तर पिस्टनच्या रिंगांजवळून नाहीतर वॉल्व्हमधून. रिंगा झिजल्या असतील तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं की काटा वर चढतो, कारण ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं. मी ऑइल सोडलं. मनातल्या मनात मी रिंगाच निघाव्यात म्हणून विनवत होतो. रिंगा वयानं झिजतात, त्यात कुणाचा हात नसतो. मामांनी चावी फिरवली. काटा होता तिथंच राहिला.

मग मी पिस्टन वर आणून कंप्रेसरची हवा त्या भोकातून आत सोडली आणि मामांना सायलेन्सरच्या नळीजवळ हात धरायला सांगितलं. त्यांनी खाली बसून हात धरला आणि म्हणाले, इथून वारं यायलंय. म्हणजे बाहेर धूर सोडणारा वॉल्व्ह. तिसऱ्या सिलिंडरचा. जो मी सगळ्यात जास्त कसला होता तोच.

"काय झालंय?" मामांनी विचारलं.

"वॉल्व्ह जळालाय."

"कशानं?"

मी हात पुसत होतो. पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

"गॅसवरच्या गाड्यांचे जळतेत, मामा."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं. मामांनी मान हलवली. म्हणाले, माझंच चुकलं, पेट्रोलवरच चालवायला पाहिजे होती. एसटीची वाट बघत ते रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं नाही. घरी बायकोलाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवलं. वॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा उडाला होता, बाकीची कड पांढरी पडली होती. वॉल्व्ह बदलला की झालं असतं, पण तो जिथं बसतो ती जागाही तडकली होती. परभणीच्या लेथवाल्यानं हेड बघून सांगितलं की यावर काम होणार नाही, दुसरं शोधा. त्यातच दिवाळीची सुट्टी आली. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडं मी स्वतः दोनदा जाऊन आलो. जमणारं हेड मिळेपर्यंत महिना उलटून गेला.

मामा तीन-चार दिवसांनी एसटीनं येऊन चौकशी करून जायचे. मला कधीही घाई केली नाही. घरचं मात्र थोडं थोडं सांगायचे. पहिल्या मंगळवारी मुलगी नेहमीसारखी तयार झाली, वातींची पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि दुपारपर्यंत तिथून हलली नाही. शुक्रवारी पण तसंच. तिसऱ्या आठवड्यात तिनं केस विंचरू दिले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती दाराकडं गेलीच नाही. मामींना वाटलं, बरं झालं, समजली. मामा म्हणाले, मला न्हाई बरं वाटलं ते.

गाडी तयार झाली त्या दिवशी तिघंही आले, कुणाच्या तरी जीपमधून. मुलीला कसं आणलं ते मी विचारलं नाही. तिच्या मनगटावर मामींच्या बोटांचे वळ होते. मी या वेळी फटी बरोबर मापावर ठेवल्या होत्या. मुलगी आपल्या जागेवर जाऊन बसली. मी चावी फिरवली, आणि टिकटिक सुरू झाली. ती ओरडली नाही. दार उघडून खाली उतरली, आणि रस्त्याकडं पाठ करून भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

मामा माझ्याजवळ आले. मागच्यासारखं करा म्हणाले.

मी नाही म्हणालो. ते परत म्हणाले. मग मी सांगितलं. "मामा, मागच्या बारीला मीच टॅपेट जास्त कसले होते. वॉल्व्ह त्यानंच जळाला. गॅसनं न्हाई."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटत होतं.

"पाच-सहा म्हैने गेली ती सेलूला," ते म्हणाले. "परत करा. परत जळू द्या."

मी त्यांना समजावत राहिलो. हे हेड मोठ्या मुश्किलीनं मिळालंय, पुन्हा तसंच झालं तर इंजिनच जाईल, मग काहीच करता येणार नाही, असं सगळं. ते खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या हातून एकदा जे झालं होतं ते पुन्हा करायला मी भीत होतो. मामा गाडी घेऊन गेले. मामी आणि मुलगी जीपनं गेल्या.

त्यानंतर व्हॅन मंगळवारी दिसली नाही, शुक्रवारीही नाही. दहा-बारा दिवस मी रस्त्याकडं बघत काम केलं. मग एका सकाळी गॅरेज उघडलंच नाही. पाने आणि पत्ती पिशवीत टाकली आणि मोटारसायकलवर चारठाण्याला गेलो. वाटेत ठरवलं होतं की टॅपेट थोडे कसायचे, मागच्या इतके नाही, आणि दर पंधरा दिवसांनी मीच येऊन बघायचं. यात अवघड काही नव्हतं. आधीच सुचायला हवं होतं.

गिरणी जुन्या देवळाच्या मागच्या गल्लीत आहे. व्हॅन दारातच उभी होती. तिची मागची सीट काढलेली होती आणि आत पोती भरली होती. ती सीट गिरणीच्या आत भिंतीला लावून ठेवली होती आणि मुलगी तिच्यावर बसली होती. चक्की जोरात चालू होती. तिच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. मांडीवर कापूस होता, पण हात नुसते ठेवलेले होते.

मी मामांना माझा विचार सांगितला. त्यांनी चक्की बंद केली, पोती उतरवली, मुलीला उठवून ती सीट परत गाडीत बसवली. आम्ही दोघांनी मिळून बसवली. मी टॅपेट थोडे कसले. गाडी चालू केली. आवाज जवळजवळ नव्हताच. मामांनी मुलीचा हात धरून तिला दारापर्यंत आणलं. तिनं गाडीकडं बघितलं, आत बघितलं, आपल्या जागेकडंही बघितलं. मग हात सोडवून घेतला आणि मागच्या खोलीत निघून गेली. मामा तिच्या मागं गेले. आतून त्यांचा हळू आवाज येत राहिला, तिचा आला नाही. थोड्या वेळानं ते एकटेच बाहेर आले.

"ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले.

मी पुन्हा सीट उचलली आणि टॅपेट मापावर आणले, कारण गाडी आता पोत्यांचीच होती. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. मी ओट्यावर बसून तो घेतला. त्या समोर उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"तुमी तवाच सांगितलं असतं, असं असं केलंय, म्हैन्याला दाखवा म्हणून," त्या म्हणाल्या, "तर आमी म्हैन्याला आलो असतो. तुमच्या फाट्यावरूनच तर जायलो होतो."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना ते खरंच समजून घ्यायचं होतं, म्हणून त्या थांबल्या, माझ्या उत्तरासाठी. हिशेब अगदी सोपा होता. महिन्यातून एकदा फट बघितली असती तर वॉल्व्ह वाचला असता, गाडी महिनाभर पडून राहिली नसती, आणि मुलगी आज सेलूला असती. दोन बाया दळणाचे डबे घेऊन दारात आल्या. मामांनी चक्की चालू केली आणि मग काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. मी कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मामा अजून माझ्याकडंच येतात, ऑइल बदलायला, ब्रेक बघायला. झाल्या गोष्टीबद्दल त्यांनी फाट्यावर कुणाला काही सांगितलं नाही, उलट गावातल्या दोघातिघांना माझ्याकडं पाठवलं. सेलूच्या बाईंनी सुरुवातीला दोन-तीनदा फोन करून मुलीला पाठवा म्हणून विचारलं होतं, असं ते एकदा बोलले. नंतर त्या विचारत नाहीत. मी मुलीबद्दल विचारतो तेव्हा मामा म्हणतात, हाय, घरीच हाय. मग आम्ही गाडीबद्दल बोलतो.